सम लाइक इट हॉट : सोंगं दोघांची, सिनेमा कोणाचा?

नीलकांचन
बिली वाइल्डरच्या 'सम लाइक इट हॉट'चा (१९५९) विषय निघाला की लोक आधी जॅक लेमनवर बोलतात, मग टोनी कर्टिसवर, मग 'नोबडीज परफेक्ट' या शेवटच्या वाक्यावर. मेरिलिन मन्रोची पाळी आली की "काय दिसते!" म्हणून मोकळे होतात. मला हे फार खटकतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९२९ चं शिकागो, दारूबंदीचे दिवस. जो (कर्टिस) आणि जेरी (लेमन) हे दोन कफल्लक वादक, एक सॅक्सोफोनवाला आणि एक बासवाला. एका गॅरेजमध्ये टोळीवाल्यांनी केलेलं हत्याकांड त्यांच्या नजरेला पडतं आणि जीव वाचवायला ते साडी नेसून, म्हणजे आपलं ते झगा घालून, बायकांच्या बँडमध्ये शिरतात. जोची होते जोसेफिन, जेरीची डॅफ्नी. बँड रेल्वेने फ्लोरिडाला निघालेला. त्यातली गायिका शुगर केन म्हणजे मेरिलिन.

माझं म्हणणं असं की या सिनेमात जो तो सोंग घेऊन बसलाय. दारूचा गुत्ता अंत्यविधीच्या दुकानाआड, शवपेटीत बाटल्या, गुंडांची बैठक इटालियन ऑपेराच्या चाहत्यांचं संमेलन म्हणून. जो तर आधी बाई होतो आणि मग वर तेल कंपनीचा वारसदारही. एकटी शुगर जशी आहे तशी आहे. तिचा विश्वास बसतो म्हणून आपल्याला हसू येतं. ती जरा जरी हुशारी दाखवती, तर सगळा डोलारा पडला असता. तर सिनेमा तिचा, असं मी म्हणते. तुम्हाला काय वाटतं?

खडकवासला_एक्सप्रेस
छे हो. सिनेमा लेमनचा. लेमनचा. लेमनचा.

डॅफ्नीवर भाळलेल्या म्हाताऱ्या लक्षाधीश ऑस्गुडबरोबर रात्रभर टँगो नाचून आल्यावरचा प्रसंग आठवा. पलंगावर आडवा पडून मराका वाजवत, गुणगुणत तो सांगतो की त्याचं लग्न ठरलंय. जो विचारतो नवरी कोण, आणि लेमन ज्या आनंदाने स्वतःचं नाव सांगतो त्याला तोड नाही. त्या क्षणी तो सोंग विसरलेला असतो. रेल्वेत स्वतःला बजावत होता की मी मुलगी आहे, आणि आता उलटं बजावावं लागतं की मी पुरुष आहे. हा सगळा प्रवास एकट्या लेमनचा आहे. मेरिलिनला असा प्रवास आहे का? पहिल्या रिळात भोळी, शेवटच्या रिळात भोळी.

रंगपटातला_उंदीर
खडकवासला, तुम्ही मराकांचं काढलंत म्हणून सांगतो. हौशी नाटकं बरीच केली आहेत. रंगमंचावर हशा आला की नट थांबतो, ओसरला की पुढचं वाक्य टाकतो. सिनेमात ती सोय नाही. प्रेक्षक किती हसेल हे आधी कळणार कसं? वाइल्डरने लेमनच्या हातात खुळखुळे दिले ते यासाठी. प्रत्येक वाक्यानंतर लेमन ते वाजवतो, दोन पावलं नाचतो, तेवढ्यात थिएटरातला हशा ओसरतो आणि पुढचं वाक्य ऐकू येतं. घरी एकट्याने पाहताना तो प्रसंग किंचित लांबल्यासारखा वाटतो, भरल्या थिएटरात मापात बसतो. ही दिग्दर्शकाची कमाल आणि लेमनच्या अंगातल्या तालाची. मेरिलिनचा धागा आहे हे मान्य, पण राहवलं नाही.

टकलूहैवान_नाही
काळा-पांढरा सिनेमा का काढला असेल? ५९ साली रंगीत निघत होते की.

मोगरा_दवणा
@टकलूहैवान_नाही, रंगीत चाचणी घेतली होती. कर्टिस आणि लेमनच्या चेहऱ्यावरचा तो जाड मेकअप रंगीत फिल्मवर हिरवट दिसायला लागला. मेरिलिनच्या करारात सिनेमा रंगीत असेल असं कलम होतं. चाचणीचे तुकडे दाखवल्यावर ती तयार झाली. एरवी तिच्या आडमुठेपणाच्या गोष्टी सगळे मीठमसाला लावून सांगतात, ही कुणी सांगत नाही.

आता नीलकांचनच्या मुद्द्यावर. मी तिच्या बाजूने, आणि पुरावा म्हणजे शुगरचा पहिला प्रवेश. मूळ चित्रित झालेला प्रवेश साधा होता. मेरिलिनने तो पाहिला आणि तक्रार केली की हे काही जमलेलं नाही. वाइल्डर आणि त्याचा सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांना ते पटलं आणि त्यांनी नवा लिहिला. तोच आज आपण बघतो. फलाटावर कर्टिस आणि लेमन उंच टाचांच्या बुटांत ठेचकाळत चाललेत. लेमनचे घोटे मुडपतात, पायांत वारा शिरतो म्हणून तो कुरकुरतो. तेवढ्यात शुगर येते, हातात युकुलेलीची पेटी, त्यांना ओलांडून पुढे जाते, आणि इंजिनातून वाफेचा फवारा नेमका तिच्या मागून सुटतो. ती दचकून उडी मारते आणि चाल न मोडता पुढे जाते. दोघे बघतच राहतात. लेमनला तिथे कळतं की बाईसारखं चालणं ही आपल्या आवाक्यातली गोष्ट नाही.

म्हणजे बघा, नायिकेच्या प्रवेशात नायकांच्या सोंगाची सगळी गंमत उभी राहते. आणि आधीच्या प्रवेशात काहीतरी कमी आहे हे ओळखलं कुणी? तिने. भोळी शुगर, मेरिलिन नव्हे.

पंचगंगा_घाट
नाद खुळा प्रतिसाद, मोगरा! इंजिनसुद्धा शिट्टी मारतंय म्हणायचं की.

खडकवासला_एक्सप्रेस
प्रवेशाची गोष्ट मान्य. पण मग तीच मेरिलिन सेटवर तासन् तास उशिरा यायची, त्याचं काय? दारातून आत येऊन 'मी आहे, शुगर' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्या तीन शब्दांसाठी ढिगाने टेक झाले. ड्रॉवर उघडून बरबन शोधायचं वाक्य आठवेना म्हणून शेवटी ते ड्रॉवरमध्ये लिहून चिकटवावं लागलं. उंच टाचांवर दिवसभर उभे राहून कर्टिस-लेमनचे पाय कामातून गेले असणार. सोबतचा नट पहिल्या टेकला चांगला असतो, विसाव्याला त्याचा चोथा होतो, आणि सिनेमात टेक मात्र ठेवायचा हिचा चांगला असेल तो.

मोगरा_दवणा
चोथा लेमनचा दिसतोय का पडद्यावर?

गोदाकाठची_आजी
मुलांनो, भांडा पण बेताने.

मी हा चित्रपट मुंबईला कॉलेजात असताना पाहिला, थिएटरात. पुढे यजमानांबरोबर पुन्हा. मेरिलिनवर त्या वेळी आमच्यातल्या मुली नाकं मुरडत असत. मला मात्र ती बघताना कधी राग आला नाही. त्या बाईचं बालपण परक्या घरांत आणि अनाथालयात गेलं. या चित्रपटाच्या वेळी ती गरोदर होती, आणि चित्रीकरण संपल्यावर, १९५८ च्या डिसेंबरात, तिचा गर्भपात झाला. एका बाईच्या उशिरा येण्याचे हिशेब मांडताना हेही त्याच पानावर लिहावं. वाइल्डर नंतर गमतीने म्हणत असे की वेळेवर येणारी, सगळी वाक्यं पाठ असलेली माझी एक मावशी व्हिएन्नात आहे, पण तिला बघायला तिकीट काढून कोण येणार? त्या माणसाने तिला दोन चित्रपटांत घेतलं, इतका त्रास होऊनही दुसऱ्यांदा घेतलं. त्याला काय दिसत होतं ते विचारा.

खडकवासला_एक्सप्रेस
आजी, नमस्कार. गप्प बसतो. (पण लेमन.)

सॅनडिएगोकर
समुद्रकिनाऱ्याचे प्रसंग जिथे घेतले ते हॉटेल डेल कोरोनाडो आमच्या गावात आहे. सिनेमात फ्लोरिडा म्हणतात, आहे कॅलिफोर्निया. १८८८ साली उघडलेलं अजस्र लाकडी हॉटेल, पांढऱ्या भिंती, लाल शंकूसारखी छपरं. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथल्या वाळूत उभं करून फोटो काढतो. नव्वद टक्के पाहुण्यांना सिनेमा माहीत नसतो, मग मला अख्खी गोष्ट सांगावी लागते आणि बायको पुढे चालू लागते.

सांगायचा मुद्दा वेगळाच. हॉटेलाला लागून नौदलाचा विमानतळ आहे, विमानं डोक्यावरून जातात, आजही. वाळूवरचा तो लांबलचक प्रसंग, कर्टिस चष्मा लावून कॅरी ग्रँटच्या ढंगात बोलतो आणि शुगर त्याला भेटते, तो घ्यायला वाइल्डरने काही दिवस धरले होते. दोन विमानांच्या मधल्या शांततेत पानंच्या पानं संवाद म्हणायचे. वाइल्डरने नंतर सांगितलंय की मेरिलिनने तो झटक्यात दिला, एक शब्द न चुकता. म्हणजे तीन शब्द जमेनात आणि तीन पानं जमली.

रंगपटातला_उंदीर
हे असं होतं. लांब प्रसंगात नट पात्रात शिरतो आणि वाक्यं एकामागून एक येतात. 'चहा घेणार?' एवढंच बोलायचं असतं तेव्हा तोंडाला कोरड पडते. आमच्या संस्थेतला एक नोकराची भूमिका करणारा दरवर्षी पत्राऐवजी पाकीट आणून द्यायचा.

अर्धा_कप
मी आडवं लावतो. नीलकांचन म्हणतात शुगर सोंग घेत नाही. घेते की! वाळूवरच्या त्याच प्रसंगात ती कर्टिसला सांगते की आपण शेबॉयगन संगीत विद्यालयात शिकलो, आणि उच्चभ्रू घरातली असल्याचा आव आणते. शिवाय शुगर केन हे खरं आडनावही नाही, ती कोवालचिक. मोज्याच्या पट्ट्यात दारूची बाटली लपवते ती वेगळीच. सगळे खोटारडे आहेत आणि हीसुद्धा त्यांच्यातलीच. मला तर तेच आवडतं तिच्यात.

नीलकांचन
@अर्धा_कप, आता मजा आली. पण ते विद्यालय कुठून आलं ते बघा. जोसेफिन आणि डॅफ्नीने बँडमध्ये शिरताना तीच थाप मारली होती. शुगर ती उचलते आणि ज्याने मारली त्याच्याच तोंडावर मारते, त्याला ठाऊक आहे हे न कळता! कर्टिसचा चेहरा तिथे बघण्यासारखा आहे. थाप मारायचीसुद्धा तिला उसनी घ्यावी लागते. सोंग घ्यायचं ठरवलं तरी तिला जमत नाही, असं मी म्हणेन.

अर्धा_कप
वकील आहात का?

नीलकांचन
बँकेत आहे. कर्जदार रोज असंच पटवतात.

कुरडई
विषयांतराबद्दल आधीच माफी, पण आपला 'अशी ही बनवाबनवी' यावरूनच घेतलाय ना? आमच्या ग्रुपवर कालच फिरत होतं.

खडकवासला_एक्सप्रेस
नाही!! हे एकदा कुणीतरी दगडावर कोरून ठेवा. बनवाबनवी (१९८८) हा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून (१९६६). तिथे भाड्याच्या खोलीसाठी बायकांचं सोंग आहे, खून-गुंड काही नाही. 'सम लाइक इट हॉट'वरून हिंदीत आला तो १९७५ चा 'रफू चक्कर', ऋषी कपूर आणि पेंटल बायकांच्या वेषात, नायिका नीतू सिंग. आणि वाइल्डरचा तरी कुठे सोळा आणे स्वतःचा होता? १९३५ चा एक फ्रेंच सिनेमा, मग त्यावरून १९५१ चा जर्मन, त्यातून याने कल्पना उचलली. गुंडांची भानगड मात्र वाइल्डर-डायमंडची. म्हणजे बाईचा वेष घेतल्याशिवाय जगायची सोय नाही, असा फास त्यांनी बसवला. नोकरीसाठी वेष घेतला तर माणूस कंटाळून उतरवेल. मरणाच्या भीतीने घेतला तर उतरवता येत नाही.

पंचगंगा_घाट
आणि आपल्याकडे भाडेकरू व्हायची भीती मरणापेक्षा मोठी, म्हणून बनवाबनवी चालला.

बुगडी_माझी
पंचगंगा :)) :))

सोंगाचं निघालंच आहे तर. कर्टिस आणि लेमनच्या बाया किती वेगळ्या आहेत हे कुणी पाहिलं का? दोघांना शिकवायला बार्बेट म्हणून एक जुना कसरतपटू आणला होता, तो स्वतः स्त्रीवेषात झोक्यावरचे खेळ करायचा. कर्टिसने त्याचं सगळं ऐकलं. हात कसे धरायचे, पावलं कशी टाकायची. म्हणून जोसेफिन ओठ आवळून, मान ताठ, जरा जास्तच घरंदाज. लेमनने ऐकलं नाही. त्याचं म्हणणं, मला चांगली बाई व्हायचंच नाही, जेमतेम बाई वाटेल असा पुरुष व्हायचंय.

आपल्या रंगभूमीला हे दोन्ही रस्ते पाठ आहेत. बालगंधर्व आल्यावर प्रेक्षकांतल्या बायकांनी त्यांच्यासारखं लुगडं नेसायला घेतलं, तिथे पुरुष दिसता कामा नये. आणि 'मोरूची मावशी'त विजय चव्हाण आले की मावशीच्या आतला बाप्या दिसलाच पाहिजे, नाहीतर हसणार कशाला? (अत्र्यांनी ते 'चार्लीज आंट'वरून घेतलं, तेही इंग्रजी सोंगाचंच नाटक.) कर्टिस गंधर्वांच्या बाजूला, लेमन मावशीच्या. एकाच फ्रेममध्ये दोन्ही असल्यामुळे सिनेमा इतका खुलतो.

रंगपटातला_उंदीर
बुगडी, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. त्यात भर: मेकअप करून दोघांना स्टुडिओतल्या बायकांच्या स्वच्छतागृहात पाठवलं होतं, चाचणी म्हणून. तिथे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

दिव्याखालचा_अंधार
सगळे कौतुक करताहेत म्हणून वाईटपणा घेतो. जो जे शुगरशी करतो ते मला आज बघवत नाही. ती जोसेफिनला मैत्रीण समजून मन उघडं करते. सॅक्सोफोनवाले मला नेहमी फसवतात, पैसे घेऊन पळतात, आता चष्मेवाला सज्जन श्रीमंत मिळावा. हा ते सगळं ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी चष्मा लावून उभा राहतो. बोटीवर तर आजारी असल्याचं सांगून तिच्याकडूनच चुंबनं उकळतो. आणि शेवटी तिने माफ करायचं. हे विनोदी की भयंकर?

गोदाकाठची_आजी
बोटीवरचा प्रसंग मला उलटा वाटतो. त्या काळच्या चित्रपटांत पुरुष पाठलाग करी आणि बाई लाजे. इथे तो हातपाय गाळून पडलाय आणि ती पुढाकार घेते. तिला वाटतं आपण त्याला बरं करतोय. तिथे तिच्या चेहऱ्यावर लालसा नाही, काळजी आहे. दुसऱ्या कुणा नटीने तो प्रसंग केला असता तर सेन्सॉरच काय, मीही उठून गेले असते.

सॅनडिएगोकर
सेन्सॉरवरून आठवलं, हॉलिवूडच्या आचारसंहितेचा मंजुरीचा शिक्का नसतानाच हा सिनेमा लागला, आणि तरी तुफान चालला. त्या संहितेचा दरारा कमी व्हायला जी कारणं झाली त्यांत हे एक धरतात. १९६८ मध्ये ती गुंडाळली गेली.

दिव्याखालचा_अंधार
आजी, तुमचं पटतंय अर्धं. पण ती बरं करतेय आणि तो फसवतोय, म्हणून जास्तच वाईट वाटतं ना.

मोगरा_दवणा
अंधार, तुमच्या आक्षेपाचं उत्तर सिनेमातच आहे असं मला वाटतं, आणि तिथेच नीलकांचनच्या मूळ प्रश्नाकडेही येता येतं.

गुंड हॉटेलात आल्यावर जोला पळावं लागतं. तो त्याच श्रीमंती आवाजात फोन करून शुगरला सोडून देतो. मग ती मंचावर बसून 'आय अॅम थ्रू विथ लव्ह' गाते. आधीच्या दोन गाण्यांत ती नाचते, डोळे मिचकावते, सगळं अंग गातं. इथे ती नुसती बसलीये, हालचाल जवळजवळ नाही, आवाज श्वासातून निघतो. सिनेमात तेवढा वेळ विनोद थांबतो. पळता पळता जो ते ऐकतो आणि जोसेफिनच्याच वेषात, केसांचा टोप आणि लिपस्टिकसकट, मंचावर जाऊन तिला सगळ्यांसमोर चुंबन देतो. मागे गुंड लागलेत. सोंग टिकवणं म्हणजे जीव टिकवणं, आणि ते तो तिच्यासाठी मोडतो.

तिला ते चुंबन ओळखू येतं. डोळे उघडते तर समोर जोसेफिन. तो क्षण मेरिलिनने ज्या पद्धतीने घेतलाय, आधी गोंधळ, मग काहीतरी लख्ख कळल्यासारखं, त्यासाठी मी तिला ढिगाने टेक माफ करते. हा सिनेमा लेमनमुळे अमर आहे, मान्य. पण कथेतली माणसं बदलतात ती तिच्यामुळे. जोने आयुष्यभर मुलींना टांग दिली, पहिल्यांदा थांबला तो इथे.

खडकवासला_एक्सप्रेस
"कथेतली माणसं बदलतात." लेमन कुणामुळे बदलला? ऑस्गुडमुळे. ऑस्गुड झालेल्या जो ई. ब्राउनच्या त्या रुंद तोंडाचा एक धागा काढला पाहिजे वेगळा. पण तुमचा प्रतिसाद वाचून तो प्रसंग पुन्हा लावला आणि खरं सांगतो, पोटात कालवलं.

टकलूहैवान_नाही
ऑस्कर मिळालं का तिला?

नीलकांचन
नाही, तिला नामांकनसुद्धा नव्हतं. या सिनेमासाठीच नाही, आयुष्यात कधीच. एकूण सहा नामांकनं होती, लेमनला होतं, वाइल्डरला दोन. मिळालं एकच, ओरी-केलीला कपड्यांसाठी. ते कपडे कर्टिस-लेमननेही घातले होते म्हणा. त्यांनी तयार कपडे नाकारून त्याच्याकडूनच शिवून घ्यायचा हट्ट धरला होता. मेरिलिनला गोल्डन ग्लोब मिळालं तेवढंच. विनोदी भूमिकेला अभिनय न समजण्याची खोड तिकडेही आहे, इकडेही आहे.

पंचगंगा_घाट
लक्ष्याला तरी कुठं मिळालं भावा, मिळायला पाहिजे होतं तेवढं.

कुरडई
काल रात्री बघितला, या धाग्यामुळे. सासूबाई शेजारी बसलेल्या. त्यांना इंग्रजी कळत नाही फारसं. रेल्वेतल्या वरच्या बर्थवर सगळ्या पोरी गर्दी करतात आणि लेमनची पार्टी उधळते तिथे त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. शेवटी विचारलं, कोण आवडलं? म्हणाल्या, "तो म्हातारा, बोटवाला. बाकी सगळे खोटं बोलत होते."

अर्धा_कप
घ्या! शुगर नव्हे, ऑस्गुड. नीलकांचन, तुमचा अख्खा युक्तिवाद सासूबाईंनी उचलून म्हाताऱ्याला दिला.

नीलकांचन
सासूबाईंशी कोण वाद घालणार. पण कुरडई, त्यांना शुगर कशी वाटली ते विचार ना.

कुरडई
विचारलं. म्हणाल्या, "त्या पोरीला थंडी नाही का वाजत?"

खडकवासला_एक्सप्रेस
हाहाहा. त्या चंदेरी झग्यावरची सर्वोत्तम समीक्षा.

कुणीतरी वाइल्डर-लेमनच्या पुढच्याच वर्षीच्या 'द अपार्टमेंट'वर धागा काढा आता. तिथे लेमनचा मुद्दा कुणी खोडू शकणार नाही.

मोगरा_दवणा
तिथे शर्ली मॅक्लेन आहे. काढा धागा, येतेच.